पाच द्रव्यांचे मास्तर

आमच्या शाळेत शास्त्र शिकवणारे जे मास्तर होते, त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम आयोडीनची बाटली असे. जखमेला लावतात तेच तांबडं औषध, पण मास्तर ते अन्नाला लावत. पानावर बसले, चित्राहुती घातल्या, की बूच काढून भाताच्या कडेला एक थेंब सोडायचे. पांढरी शितं बघता बघता काळीनिळी होत. तेवढी शितं पानाबाहेर काढून ठेवत, ‘पिष्ट’ असं स्वतःशीच म्हणत आणि मग जेवायला लागत. हे रोज चाले. भातात पिष्ट असतं हे त्यांना काल कळलेलं नव्हतं आणि उद्या ते भातातून निघूनही जाणार नव्हतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, देव आहे हे ठाऊक असलेली माणसंही रोज पूजा करतातच की.

घरात हे खपून जाई. बाहेर खपत नसे. एकदा खालच्या आळीत मुंजीची पंगत होती. मास्तरांनी आपल्या पानावर थेंब सोडलाच, पण शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांच्या बटाट्याच्या भाजीवरही सोडला, आणि त्यांना काय झालं ते समजावून सांगू लागले. म्हाताऱ्यांनी पानातली ती काळी फोड पाहिली आणि आपोष्णीचं पाणी तिथंच सोडून ते उठले. एक उठल्यावर पंगतच उठली. यजमानांनी मास्तरांना हात जोडले आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो, एवढ्या अपराधावरून माझंही बोलावणं बंद झालं. माझं पान अजून अर्धं होतं आणि जिलबी यायची होती, हे मी आज चाळीस वर्षांनीही विसरलेलो नाही.

मी त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. मूळचा घाटावरचा, भाकरीचा माणूस. रत्नागिरीत नवीन, वय तेवीस, आणि मास्तरांच्या घराच्या पडवीतली एक खोली रिकामी होती, म्हणून तिथं राहिलो. वडील स्वभावाने तिरसट होते, मीही त्यांच्यावर गेलेलो. मास्तरांच्या सहवासात माझा तिरसटपणा पुष्कळ कमी झाला असं लोक म्हणत. तो का कमी झाला हे मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही.

मास्तरांचं सगळं शास्त्र डाव्या हाताच्या पाच बोटांवर मावे. जगात जिवंत म्हणून जे काही आहे ते पाच द्रव्यांचं बनलेलं आहे: पिष्ट, स्निग्ध, नत्र, क्षार आणि पाणी. पाणी म्हणजे अंगठा. या पाचांपलीकडे देहात काही नाही आणि देहाला काही लागतही नाही. फणस, म्हैस, मिरकरवाड्याच्या बंदरावरचा बांगडा आणि आमचे हेडमास्तर यांच्यात फरक फक्त प्रमाणाचा, असं ते वर्गात सांगत. हेडमास्तरांच्या कानावर ते गेलं. त्यांनी बोलावून विचारलं, तर मास्तर म्हणाले, बांगड्यात नत्र जास्त, एवढाच काय तो भेद. ते त्यांचं खरं मत होतं. थट्टा करणं त्यांना जमतच नसे.

एखाद्या मुलाने भलतंच उत्तर दिलं तर छडी उगारत नसत. ‘हे तू बोलत नाहीस रे, तुझी सकाळची पेज बोलत्ये,’ एवढं म्हणत आणि त्याने काय खाल्लं होतं याची चौकशी करत. एकदा त्यांनी वर्गातल्या सगळ्या पोरांना घरून कोरडा भात आणायला सांगितला आणि न गिळता चावत बसवलं. चावता चावता तो गोड लागू लागतो, कारण लाळेने पिष्टाची साखर होते. बहुतेकांनी मध्येच गिळून टाकला आणि खोटंच गोड लागलं म्हणून सांगितलं. मास्तरांना ते खरंच वाटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

आणखी एक शब्द त्यांच्या तोंडी सारखा असे, ‘शुद्ध’. गाळून, धुऊन, निथळून जे शेवटी उरतं ते शुद्ध, बाकीचं गाळ. लहानपणी सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेला माणूस. सोवळं त्यांनी पुढे सोडलं, पण ते गेलं कुठेच नव्हतं, प्रयोगशाळेत जाऊन बसलं होतं. शाळेत शिपायाकडून अंडं आणवून त्याचा पांढरा बलक मुलांना दाखवत आणि घरी आल्यावर विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीला, आक्कांना, ते माहीत होतं. संध्याकाळी भाऊ विहिरीवर दिसला की आज शाळेत अंडं होतं असं त्या समजून घेत.

घरात माणसं तीन. मास्तरांची बायको मी यायच्या आधीच गेली होती. मास्तर, आक्का आणि मुलगी गोदी. गोदी लग्न होऊन गुहागरला गेली होती, पण सणावाराला येई. बापाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी जगात ती एकटीच. तिला पाचही द्रव्यं लहानपणापासून पाठ. ‘अप्पा, तुमच्या पाचांत वास कुठे बसतो?’ असं तिने मोगऱ्याचं फूल पुढे धरून विचारलेलं मी ऐकलं आहे. मास्तर विचारात पडले आणि म्हणाले, स्निग्धात असावा. ती हसली. हसताना तिचा खालचा ओठ एका बाजूला जाई. ते मी एकदा वहीत काढलं होतं आणि मग खोडून टाकलं, कारण लग्न झालेल्या बाईचं चित्र वहीत असणं बरं दिसलं नसतं.

आता पुढचं सांगायला हवं. इथवरचं मी पुष्कळांना सांगितलेलं आहे आणि सगळे हसलेले आहेत.

गोदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती गणपतीनंतर. मास्तर अक्षरशः हवेत होते. आजवर त्यांचं शास्त्र फळ्यावर होतं, आता एक देह दुसरा देह घडवणार होता आणि दोघांचं अन्न त्यांच्या हाती होतं. त्यांनी ठरवलं की या बाळंतिणीचं जेवण आजवर कोणत्याही बाळंतिणीचं झालं नसेल इतकं शुद्ध करायचं.

तोवर त्या घरी कांडलेला तांदूळ असे. भागी नावाची कुणब्याची बाई येऊन मागल्या पडवीत उखळात भात कांडून देई. तो तांदूळ तांबूस, कोंड्याची पुटं राहिलेला. मास्तरांनी भागीला थांबायला सांगितलं आणि बाजारातून रंगूनचा तांदूळ आणला. गिरणीत घासून काढलेला, पांढराफेक. तेव्हा तो बोटीने येऊ लागला होता आणि चांगल्या घरांतून त्याचं कौतुक होतं. भागीने एक मूठ घेऊन नाकाशी धरली.

‘मास्तर, ह्येला वास नाय का काय नाय,’ ती म्हणाली. ‘ह्येच्यातला जीव कुनी काडून घेतलाय.’

मास्तरांनी तिला समजावलं की गेला तो गाळ, गुरांचं खाणं. भागीने सूप उचललं आणि ती गेली.

तो तांदूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत सात वेळा धुवायचा आणि शिजल्यावर पेज ओतून द्यायची. नत्रासाठी वरण नको, कारण डाळीने तान्ह्याच्या पोटात वारा धरतो. त्याऐवजी दूध फाडून त्याचा पांढरा चोथा द्यायचा आणि खालचं पाणी टाकायचं. पाणी काय, विहिरीतही आहे. वर तूप, साखर आणि मीठ. मेथीचे लाडू, अळिवाची खीर, पालेभाज्या, कुळीथ यांत पाच द्रव्यांशिवाय पुष्कळ फापटपसारा, म्हणून ते बंद. आक्कांनी तोंड वाजवून पाहिलं. आमच्या आयांनी आम्हाला काय माती खाऊन पाजलं का, असं त्या म्हणाल्या. पण त्या घरात शेवटचा शब्द भावाचा होता, आणि तो भाऊ बहिणीवर कधी ओरडलेला नव्हता, त्यामुळे त्याला विरोध करणं त्यांना आणखीच जड जाई.

या सगळ्याचा एक तक्ता स्वयंपाकघरात लागला. पाच वर्तुळं, पाच रंग, खाली प्रमाणं. तो मी रंगवला. चांगला झाला होता. पिष्टाच्या वर्तुळासाठी मी निळा वापरला आणि मास्तर खूष झाले.

मी स्वतः मात्र नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खात होतो. घाटावरच्या माणसाला भात पुरत नाही म्हणून आक्का मला वेगळं करून देत. एकदा मी जेवत असताना गोदी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पिठल्याचा वास आला म्हणाली. आक्कांनी वाटीत थोडं काढलं, तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी रागावून नाही, अगदी लाडाने ती वाटी काढून घेतली. ‘आणखी दोन महिने, गोदे. मग हवं तेवढं खा.’ ती मुकाट्याने परत गेली. भिंतीला हात लावून चालत होती. पायांना मुंग्या येतात, पोटऱ्या दगडासारख्या जड वाटतात, असं ती आठवडाभर सांगत होती. मास्तरांनी ते अशक्तपणावर घातलं आणि भाताचं प्रमाण वाढवलं.

मुलगा झाला होता. गोरा, गुबगुबीत. दर शनिवारी वाण्याच्या तराजूत घालून मास्तर त्याचं वजन करत आणि ते वाढत होतं. लोकांना दाखवत, बघा, नुसत्या पाच द्रव्यांवर. तिसऱ्या महिन्यात तो अंगावर पिऊन झालं की ओकू लागला. मग त्याचा आवाज बसला. तोंड उघडे, चेहरा लाल होई, रडतो आहे हे दिसे, पण आवाज बाहेर पडत नसे. वाऱ्याने दार कुरकुरावं एवढाच काय तो. डॉक्टर येऊन गेले, छातीत कफ आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून लवकर आलो होतो. गोदी त्याला मांडीवर घेऊन बसली होती. मुलाचे ओठ निळे पडले होते आणि तो आवाज न करता रडत होता. मास्तर समोर उभे होते. तक्ता पाळला होता, प्रमाणं बरोबर होती, वजन कमी नव्हतं. दिवस मावळायच्या आत ते मूल गेलं.

दहाव्या दिवसानंतर गुहागरहून व्याही आणि विहीणबाई भेटायला आले. विहीणबाई खोलीत गेल्या. त्यांनी गोदीला वाटीत दूध काढून द्यायला सांगितलं आणि ती वाटी ओटीवर आणून ठेवली. तिकडे अशी परीक्षा करत: दुधात मुंगी सोडायची, मेली तर दूध विखारी. त्यांनी खांबावरची एक मुंगी चिमटीत धरून वाटीत टाकली. वाटीभर दुधात मुंगी बुडणारच. ती थोडी हलली आणि बुडाली. विहीणबाईंनी वाटी सगळ्यांना दिसेल अशी मध्ये ठेवली. जन्मभर थेंब टाकून परीक्षा करणारा माणूस तिथं उभा होता आणि त्याची बाटली खिशातच होती. गोदी दारातून वाटीकडे बघत होती.

तिला न्यायला नंतर कोणी आलं नाही. ज्या बाईच्या दुधाने पोर जातं तिच्याकडून वंश कसा चालणार, एवढाच निरोप. जावई मुंबईला नोकरीला, आणि त्याचं मत विचारण्याची त्या घरात पद्धत नव्हती. गोदी आपल्या दुधाला भिऊ लागली. आळीतलं एखादं तान्हं रांगत ओटीवर आलं की ही आत जाई. वाढत असताना दुधाच्या भांड्याला हात लावत नसे, आक्कांना हाक मारी. तक्ता मी एका दुपारी भिंतीवरून काढला आणि वळकटीत बांधून ठेवला. कोणी विचारलं नाही.

वर्षाने एक जुना विद्यार्थी मास्तरांना भेटायला आला. बोटीवर कारकून होता. पायांना सूज येऊन रजेवर आलेला. त्याने ओटीवर बसून नडगीवर अंगठा दाबून दाखवला, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. बोटीवरच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की हा रंगूनच्या तांदळाचा आजार आहे. तांदूळ घासताना वरचं जे निघून जातं त्यात काहीतरी असतं आणि ते नसलं की माणूस पायांपासून मरत येतो. आता तो रोज कोंड्याची पेज पीत होता आणि सूज उतरत होती. मास्तरांनी त्याला अगदी बारीकसारीक विचारलं. पायांना आधी मुंग्या आल्या होत्या का. पोटऱ्या जड झाल्या होत्या का. तो हो म्हणत गेला.

मास्तरांनी मुंबईहून वैद्यकाचं एक पुस्तक मागवलं. ते आलं तेव्हा शाळेची मधली सुट्टी होती. मी वर्गात गेलो, तर ते बाकावर मुलांच्या जागी बसलेले आणि पुस्तक पुढ्यात उघडं. मला जवळ बोलावून त्यांनी इंग्रजीचा अर्थ सांगायला सुरुवात केली, जणू मी विद्यार्थी आहे. घासलेल्या तांदळावर राहणाऱ्या आयांची अंगावर पिणारी मुलं, वय दोन ते चार महिने. दिसायला गुटगुटीत. ओकाऱ्या. मग आवाज जातो. मुलं रडतात पण ऐकू येत नाही. मग ओठ निळे पडतात. बराच वेळ त्यांचं बोट त्याच ओळीवर होतं.

‘दुधात काही आलेलं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘काहीतरी नव्हतं. आणि ते मी सात वेळा धुवायला लावलं.’

त्या दिवसापासून ते वेगळेच मास्तर झाले. डाव्या हाताची बोटं मोजणं थांबलं. वर्गात पाच द्रव्यं सांगून झाली की फळ्यावर सहावा आकडा काढत आणि त्यापुढे काही लिहीत नसत. त्याला अजून नाव नाही म्हणत. नाव होतं, पुस्तकात होतं, पण ते त्यांच्याने उच्चारवत नसावं. भागीच्या घरी जाऊन त्यांनी तिला परत बोलावलं. पुढची कैक वर्षं रविवारी कोंड्याचा काढा डब्यात घेऊन ते पावस गावापर्यंत चालत जात, गरोदर बाई दिसली की थांबत आणि तिच्या सासूला तो द्यायचा प्रयत्न करत. बायका तोंडाला पदर लावून हसत. बऱ्याच जणी काढा घेत आणि मास्तर वळले की कोंबड्यांपुढे ओतत. मास्तरांना ते कळलं तेव्हा म्हणाले, कोंबड्या तरी जगतील. गावात आता जे चार म्हातारे त्यांना ओळखणारे उरलेत ते त्यांना कोंडामास्तर म्हणूनच ओळखतात.

पण मला सांगायचं आहे ते गुहागरचं. पुस्तक आल्याला पंधरा दिवस झाले असतील, तोच कळलं की जावयाचं दुसरं लग्न ठरतं आहे. मास्तर म्हणाले, मी जाऊन सांगतो. एकदा खरं कळलं की माणसं चुकीचं कशाला करतील, असा त्यांचा सरळ हिशेब. गोदीला त्यांनी अजून काही सांगितलेलं नव्हतं. आधी तिचं घर तिला परत मिळवून द्यायचं आणि मग सांगायचं, असं त्यांच्या मनात होतं. मला बरोबर चला म्हणाले. एकटं जाण्याचा त्यांना धीर होत नव्हता, हे मला दिसत होतं आणि मी गेलो. आगबोटीने दाभोळला उतरलो, तरीच्या होडीतून खाडी ओलांडली आणि पुढे बैलगाडीने सुपारीच्या बागांतून गुहागरला पोचलो.

व्याह्यांनी चांगलं स्वागत केलं. नारळाचं पाणी दिलं. मास्तरांनी पाणी न पिताच दोन पुरचुंड्या सोडल्या. एकीत रंगूनचा तांदूळ, दुसरीत भागीने कांडलेला. झोपाळ्यावर त्यांनी दोन ढीग मांडले आणि शिकवायला लागले. तीस वर्षं ज्या आवाजात शिकवलं त्याच आवाजात. हा पांढरा. हा तांबूस. यातून जे गेलं ते इथं. ते आईच्या अन्नात नव्हतं म्हणून दुधात आलं नाही, आणि दुधात नव्हतं म्हणून मूल गेलं. मुलीच्या देहात कसलीही खोट नाही. हा तांदूळ मी आणला. तिला कुळीथ हवे होते, ते मी काढून घेतले. मूल माझ्या हातून गेलं.

झोपाळा थोडा हलत होता, त्यामुळे एका ढिगातले दाणे दुसऱ्यात मिसळू लागले. मास्तर ते परत वेगळे करत होते.

दाराआडून विहीणबाईंचा आवाज आला. ‘पांढऱ्या भाताने पोरं जातात, तर मुंबईत एक तरी पोर उरलं असतं का?’

व्याही वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते. मास्तरांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, ‘मुलीसाठी बालहत्येचं पाप अंगावर घ्यायला निघालात. असा बाप मी पाहिला नाही. पण मास्तर, तुम्ही घेतलंत म्हणून ते तुमचं होत नाही.’

जन्मात पहिल्यांदा मास्तर स्वतःविरुद्ध बोलले होते आणि ते माया म्हणून खपलं होतं. मग व्याही माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही तिऱ्हाईत, सुशिक्षित, त्याच घरात राहणारे, सगळं डोळ्यांनी पाहिलेले. तुम्ही सांगा. हे म्हणतात ते खरं आहे का?

मला सगळं माहीत होतं. पुस्तकातली ती ओळ मी वाचली होती. मुलाचं आवाज नसलेलं रडणं मी पाहिलं होतं. कुळथाची वाटी परत जाताना पाहिली होती. मी हो म्हणालो असतो तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं, कारण मी बाप नव्हतो. पण त्या ओटीवर सहा-सात मोठी माणसं बसलेली, दाराआड बायका, आणि माझ्या डोळ्यांपुढे मी रंगवलेला तक्ता आला. हो म्हटलं की त्या पापात माझाही एक रंग होता. आणि खरं सांगायचं तर हसं होईल याची भीती वाटली, मुंजीच्या पंगतीत वाटली होती तशीच. मी म्हणालो, ‘मला त्यातलं काही कळत नाही.’

व्याह्यांनी मान हलवली. जेवून जा म्हणाले. मास्तर जेवले नाहीत. मी जेवलो.

परतीच्या बोटीवर मास्तर कठड्याला धरून उभे होते. मला वाटलं, बोलतील. रागावतील तर बरं, असंही वाटलं. ते एवढंच म्हणाले की जयगडला बोट थोडी हलते, तुम्ही आत बसा.

घरी पोचलो तेव्हा गोदी ओटीवर सुपात काहीतरी निवडत होती. मास्तर चपला न काढताच पायरीवर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. जे व्याह्यांना सांगितलं तेच, त्याच क्रमाने, पण शिकवण्याच्या आवाजात नाही. तुझं दूध चांगलं होतं, गोदे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. लग्नाची तारीख ठरली आहे, हेही सांगितलं. ती सुपातले खडे काढत राहिली. आक्का आतून बाहेर आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मी माझ्या खोलीकडे निघालो होतो, तेव्हा गोदीने मान वर केली.

‘तुम्ही होतात ना तिथे?’ तिने मला विचारलं. ‘सगळं पाहिलं होतंत. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?’

मी काय सांगितलं ते मी सांगितलं. खोटं बोलायचंही सुचलं नाही.

तिने सूप खाली ठेवलं. बोलणार होती. तेवढ्यात मास्तर पायरीवरून उठले, माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि अगदी समजुतीच्या सुरात तिला म्हणाले, ‘त्यांना कशास विचारत्येस, गोदे? ड्रॉइंगचे मास्तर ते. त्यांचा तो विषय नाही.’